कूलरची खिडकी

मोटघरे म्हणाला, म्याडम, भिंती नका पाहू, जागा पाहा.
मी जागा पाहिली.
रघुजीनगर, तिसरी गल्ली, हाउसिंग बोर्डाचं जुनं घर,
अंगणात सीताफळ, छपराच्या भोकातून आभाळ,
मोरीत कुणीतरी विसरलेली एकच चप्पल.

सव्वीस लाख. बँकेचे वीस, पीएफचे चार,
उरलेले दोन आईच्या पाटल्यांचे.
रजिस्ट्रीला ढोमण्यांचा मुलगा आला,
पुण्याचं परतीचं तिकीट खिशात,
घराकडे न जाताच सही करून गेला.

मी मेडिकलच्या लॅबमध्ये रक्त तपासते.
दिवसभर लोकांची साखर मोजून
संध्याकाळी सिमेंटच्या गोण्या मोजू लागले.
वहीचं पहिलं पान अजून देखणं आहे:
घेतलं सव्वीसला. लावायचे पाच. विकायचं अडतीसला.
रेघा पट्टीने मारलेल्या, पेन्सिलीने.

मग झनकलाल आला, बालाघाटचा.
भिंतीला कान लावून टिचकी मारायचा,
कलिंगड घेताना मारतात तशी.
दीदी, ये पोली है.
ही पोकळ, ती पोकळ, फरशीखाली उंदरांची वस्ती,
नळाचा पाइप आतून इतका गंजलेला
की पाणी विचारून विचारून यायचं.
पाचाचे साडेसहा झाले.
मी डबा आणणं सोडलं, तर्री-पोह्यावर दिवस काढले,
आईला म्हटलं, पाटल्या लॉकरमध्ये आहेत.

मागच्या खोलीत कूलरची खिडकी होती.
बाहेर लोखंडी स्टँड, गंजून लाल.
आत, चौकटीच्या बाजूला, पेन्सिलीने वरून खाली:
वाळा बदलला, २२ मार्च ८७.
वाळा बदलला, १ एप्रिल ८८. पंपाला ग्रीस.
८९ ला दोनदा.
९४ पुढे नुसतीच आडवी रेघ.
मी पुण्याला फोन केला.
बाबांचं अक्षर असेल, तो म्हणाला,
आणि थोड्या वेळाने: बुजवायचं तर बुजवा.

मोटघरेही तेच म्हणत होता. आता कूलर कोण लावते, म्याडम?
एसीचा पॉइंट काढा, गिऱ्हाईक वळते.
झनकलाल पुट्टीचं घमेलं घेऊन उभा.
मी वही पाहिली. लाव, म्हटलं.
मोबाइल हातातच होता. फोटो काढला नाही.

पहिल्या गिऱ्हाइकाने दिशा पाहिली, दुसऱ्याने कार लावून पाहिली,
तिसऱ्याने फक्त भाव पाडला.
मार्च लागला. हप्ता माझ्या आधी उठायचा.

मग उमरेडकर आले, तहसीलमधून रिटायर्ड,
आणि मागे गुडघा सांभाळत काकू.
त्यांनी किचन पाहिलं नाही, टाइल्स पाहिल्या नाहीत,
सरळ मागच्या खोलीत जाऊन भिंतीवर तळहात ठेवला.
काऊन वं बाई, कूलर कुठून लावू?
एसीचा पॉइंट आहे ना, काकू.
बिल तू भरशीन का? आन् यायले एसी सोसत नाही.
वाळ्याच्या वासाबिगर झोप नाही येत यायले.

वहीत आता या दोन ओळी एकीखाली एक आहेत:
खिडकी बुजवली, ३२००.
खिडकी फोडली, ४१००.

झनकलाल हसला नाही, हे त्याचे उपकार.
छिन्नी बसली तशी पुट्टी पापुद्र्याने सुटली,
आणि खाली अर्धी राहिलेली ओळ:
...प्रिल ८८. पंपाला ग्रीस.

सौदा पस्तीसला तुटला.
व्याज, स्टँप, मोटघरेचे दोन टक्के,
शेवटी हाती सुटले अडतीस हजार.
अडतीसचा आकडा आला म्हणायचं.
सोनाराकडे विचारून आले. एक पाटलीही होत नाही.

चाव्या देताना काकू त्या ओळीजवळ वाकल्या.
हे कोणाचं?
आधीच्यांचं, मी म्हटलं.
त्यांनी चष्मा सारखा केला. पेन्सिल हाये का तुझ्यापाशी?
होती. वहीतच होती, पट्टीजवळ.

परत घ्यायची राहिली.
तीही खर्चात धरली: पाच रुपये.