ढग, असं लिहिलं होतं

एल्फ्रूनची आई बाहुल्यांचे डोळे रंगवायची.
थुरिंगियाच्या डोंगरातल्या या गावात तेव्हा
घरटी कुणी ना कुणी बाहुलीत गुंतलेलं:
कुणी केसांत, कुणी हातांत, कुणी आतल्या भुशात.
आई बुबुळांत. निळी जास्त, तपकिरी मागणी आली तर.
आडवं केलं की मिटणारे ते डोळे
तिच्या टोपलीत मात्र रात्रभर उघडे.

एल्फ्रून वर गेली, वेधशाळेत.
तिथेही काचच.
तळहाताहून थोडी मोठी एकेक काच,
तिच्यावर आकाश उलटं उमटलेलं,
करड्या पाटावर सांडलेल्या तिळांसारखे काळे तारे.
रात्री दुर्बिणीशी बसून काच उजेडाला दाखवायची.
दिवसा दोन रात्रींच्या काचा शेजारी लावून
कळ फिरवायची: ही, ती, ही, ती,
आणि हजारांतला जो तीळ उडेल
त्याला पेन्सिलीने गोल.
पगार चारशे वीस मार्क. हिवाळ्यात कोळसा वेगळा.

रोहिणीच्या वरच्या अंगाला, काळ्या धुरकटात
एक होता. नाव नाही, नुसता आकडा.
वय दहा लाख वर्षं,
म्हणजे अजून अंगावरच पिणारा.
जन्माची धूळ भोवती तशीच गुंडाळलेली,
तीच ओढून प्यायची, कधी घटाघटा,
कधी दोन दोन रात्री तोंडच लावायचं नाही.
पाळण्यात पाय दिसतात म्हणे.
इथे नुसता पाळणा दिसायचा, हलणारा.
ती वहीत लिहायची: आज बरा. आज मलूल.
एकदा नुसतंच: आज?
त्याच्यापुढे हेर क्लोप्फ्लाइश यांची लाल शाई:
काचेतला दोष.

पंचावन्न वर्षांनी टिलमान आला, खांद्याला लॅपटॉप.
आता कॅलिफोर्नियातला एक कॅमेरा
दर दोन रात्रींनी अख्खं आकाश चाळून काढतो,
लाखो तारे, कुणीही जागं नसताना,
आणि सकाळी यादी हातात: हा उजळला, हा विझू लागला.
त्या यादीत तो आकडा होता.
"धुळीची मोठी गाठ आडवी आली असेल.
ती फिरून येते का, ते बघायचंय.
एकोणसत्तरच्या तुमच्या काचा सगळ्या स्कॅन केल्या.
दोन फेब्रुवारीला तो उतरणीला लागलाय,
चौदाला पुन्हा वर.
मधल्या अकरा रात्री कोऱ्या आहेत.
वहीत तुमचंच अक्षर: ढग."

एल्फ्रूनने चष्मा काढला, पुसला, परत लावला.
कॉफीवर साय धरली होती, ती चमच्याने बाजूला केली.

"ढग नव्हते.
आकाश इतकं निवळ की खिडकीची काच तडतडत होती.
योर्न दोन वर्षांचा. लालज्वर.
त्याच्या पापण्या पुरत्या मिटत नव्हत्या,
पांढरं दिसत राहायचं खालून, आडवा केला तरी.
मी कपाळावर ओलं फडकं ठेवून श्वास मोजत होते.
मिनिटाला बावन्न. सत्तावन्न. एकसष्ट.
मोजायची सवयच होती हाताला.
ते आकडे कुठे लिहून ठेवले नाहीत."

टिलमान थांबला. त्याच्या रकान्यात
'निरीक्षण नाही. कारण:' याच्यापुढे
उभी रेघ उघडझाप करत होती.
त्याने काहीतरी टाइप केलं, खोडलं,
पुन्हा 'ढग' केलं, आणि झाकण मिटलं.
योर्नबद्दल विचारावं की नाही,
हे त्याला ठरवता येईना.
(योर्न आता कासेलला ट्रक चालवतो,
रविवारी फोन करतो, बहुतेक पेट्रोल पंपावरून.)

दाराशी जाऊन बूट घालताना
तिनेच विचारलं,
"आता कसा आहे तो?"
"परवापासून चढतोय. सावकाश."
"मग पितोय," ती म्हणाली.
"पितोय तोवर काळजी नाही."
आणि पायरीवर बर्फ आहे, जपून,
हेही त्याच दमात.