प्रश्न अकरावा

रविवार सोहार, सोम-मंगळ शिनास,
बुधवारी खाबूरा,
गुरुवारी जिथून फोन येईल तिथे.
तीन शाळा, पाच हजार मुलं, मी एकटी.
डिकीत काळी बॅग: लाकडी ठोकळे, चित्रांची वही,
आणि एक स्टॉपवॉच, जे फार तापलं
की आपल्याच मनाने धावायला लागतं.

शिनासला मला दिलेली खोली
केमिस्ट्री लॅबच्या मागची.
जुन्या उत्तरपत्रिकांचे खोके, आखातापाशी चेपलेला ग्लोब.
दारावर पाटी: समुपदेशक.
तिच्याखाली पेन्सिलीने, हिंदीत: पागलों की मैडम.
‘मैडम’मधला ‘ड’ उलटा काढलाय.
त्या उलट्या ‘ड’वरून मी लिहिणाऱ्याला ओळखते,
त्याचीही फाइल आहे माझ्याकडे.
पुसलं नाही मी ते.

सुफियान हुनेरकर, चौथी ब.
वर्गशिक्षिकेची चिठ्ठी: बोलत नाही.
खाली, वेगळ्या पेनाने: बहुधा मंद.
बाप बंदरावर, क्रेनखाली दोर बांधतो.
आई मार्चपासून बाणकोटला, ‘तब्येतीसाठी’.
मातृभाषेच्या रकान्यात: उर्दू.

इंग्रजीत विचारलं. त्याने ग्लोबकडे पाहिलं.
हिंदीत विचारलं.
एसीखाली ठेवलेल्या बादलीत
थेंब पडत होते, ते तो मोजत असावा.
ठोकळे मात्र भराभर लावले,
नववीच्या पोरांना जमत नाही तो नमुनासुद्धा,
आणि लावून झाल्यावर हात मांडीखाली दडपून बसला,
जणू ते काही त्याचे नव्हेत.

मग माझ्या हातून वही निसटली
आणि तोंडून गेलं, अगं बाई!

तो हसला नाही. वळला फक्त.
टाकी भरत आली की पाइपातला आवाज बदलतो ना,
तसं त्याच्या चेहऱ्यात काहीतरी बदललं.

प्रश्न अकरावा मी मराठीत विचारला.
नियमात बसत नाही ते.
रस्त्यात कुणाचं पाकीट पडलेलं दिसलं
तर तू काय करशील?

“हात नाय लावचा,” तो म्हणाला.
“बगायचा पन नाय. चालत ऱ्हवायचा.
पोलिसान इचारलान तर
अब्बांचा विसा जाईल.”

उत्तरसूचीत दिलंय:
मालकाला परत करीन, दोन गुण.
मोठ्या माणसाकडे देईन, एक.
तसंच टाकून जाईन, शून्य.

मी शून्य लिहिला. खोडला.
दोन लिहिले, तेही खोडले.
चौकटीचा कागद इतका झिजला
की खालच्या टेबलाचा सनमायका दिसेल असं वाटलं.
शेवटी समासात त्याचं वाक्य
त्याच्याच बोलीत उतरवून काढलं.
ते वाचू शकेल असं
या तिन्ही शाळांत माझ्याखेरीज कोणी नाही.

अहवाल सहा पानी झाला.
पुढचा बाक. परीक्षेत जादा वेळ.
ऑफिसच्या फोनवरून आठवड्यातून दोनदा आईशी बोलणं
(हे मुख्याध्यापकांनी लाल रेघेने खोडलं,
मग बारीक अक्षरात ‘एकदा’ असं लिहिलं).
मंजुरीला सोळा दिवस लागले.

सोमवारी घेऊन गेले. बाक होता.
टी.सी. नेला की त्याने मॅडम, क्लार्क म्हणाला,
बापाची कंपनी बंद पडली.
इथे कंपनी संपली की वर्गातली मुलंही संपतात,
सत्राच्या मध्येच,
पाण्याची बाटली खिडकीत विसरून.

मी फाइल बंद केली.
त्या दिवशी आणखी चार मुलं तपासली,
एकीने खाडकन थोबाडीत मारली मला, मग खूप रडली.

परतताना, फलजच्या चौकाआधी,
रस्त्याच्या कडेला काहीतरी पडलेलं दिसलं:
काळं, चामड्याचं, फुगलेलं.
मागे एक पाण्याचा टँकर. पुढे रस्ता मोकळा.
माझा पाय ब्रेकवर गेला होता,
हे मला आठवतं.
माझ्या रेसिडेन्सीचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात,
हेही त्याच क्षणी आठवलं.

आरशात ते लहान होत गेलं.

घरी येऊन बॅग उघडली
तर स्टॉपवॉच कोणी न दाबता चालू झालेलं.
एकवीस मिनिटं.
कशाची, कोण जाणे.
थांबवायला बोट ठेवलं,
बटण अजून कढत होतं.