बारा नंबरची कांडी

दूध पीत होतं, पण पोट नगाऱ्यासारखं.
दुसऱ्या दिवशीही फडकं कोरडंच.
दाईने उलटं करून पाहिलं तर
जिथे वाट असायला हवी तिथे नुसती कातडी,
गुळगुळीत,
कुणी शिवून टाकावी तशी.

केन्यांगीचं रक्त अजून थांबलं नव्हतं.
बाळ पाठीशी बांधून ती मोटरसायकलवर बसली.
म्बाराराच्या रस्त्यात लांब शिंगांच्या गायी आडव्या आल्या
आणि आयुष्यात पहिल्यांदा
तिला गायींचा राग आला.

मी बिरुंगी. बालवॉर्डातली सिस्टर.
डॉक्टर अट्विनेंनी पोटावर, डावीकडे,
आतड्याला तोंड काढून दिलं तेव्हा
बाहेर येऊन मीच सांगितलं : हे तात्पुरतं आहे.
नवऱ्याने पोटाकडे पाहिलं,
'तात्पुरतं' ऐकायला तो थांबला नाही.

पिशव्या संपल्या होत्या. त्या संपलेल्याच असतात.
जुन्या गोमेसीच्या चौकोनी घड्या,
खाली शेकून मऊ केलेलं केळीचं पान,
हे तिला शेजारच्या खाटेवरच्या बाईने शिकवलं.
त्या बाईचं बाळ मंगळवारी गेलं.
घड्या तिने ठेवून दिल्या, ह्यांच्यासाठी.
जस्ताचं मलम मी कपाटामागे लपवायचे.
हे रजिस्टरमध्ये नाही.

सातव्या महिन्यात दुसरं ऑपरेशन.
विजेच्या टोकाने डिवचलं की स्नायू आकसतो,
लाजाळूच्या पानासारखा.
तो आकसला त्याच्या बरोबर मधोमध
डॉक्टरांनी नवी वाट आणून टाचली.

आणि मग खरं कठीण.
आठ नंबरची कांडी, दिवसातून दोनदा,
वाट पुन्हा मिटू नये म्हणून.
आईच्याच हातांनी.
पहिल्या दिवशी तिने कांडी फेकून दिली,
मी शोधून, धुऊन, परत तिच्या हातात दिली.
मूल रडे, ती रडे, मी तीसपर्यंत मोजे.
नऊ. दहा. अकराला आठवडाभर अडलो.
बारा.

पोटावरचं तोंड मिटवलं त्याच्या तिसऱ्या पहाटे
वॉर्डात एक वास पसरला.
केन्यांगी ओरडली, "शी केली!"
सोळा खाटांवरच्या बायका उठून बसल्या.

अहुमुझा आता सहा वर्षांचा.
फाइलमध्ये रकाना आहे : निकाल.
चांगला, मध्यम, संपर्क तुटला.
मी विचारते, चड्डी खराब होते?
कधी कधी. पेरू खाल्ले की.
मास्तरीणबाई दाराजवळ बसवतात,
न विचारता जाऊ देतात.
दप्तरात एक जादा चड्डी असते.
ह्या सत्रात दोनदाच लागली.
हे कुठल्या रकान्यात बसतं?

आम्ही बोलतोय तोवर त्याने
ट्रेमधल्या कांड्या जमिनीवर ओळीने मांडल्यात.
गायी आहेत, म्हणतो, पाण्यावर चालल्यात.
सगळ्यात जाडी कोण?
"तो बैल."
आई खिडकीबाहेर बघते.
त्याला कुणी काही सांगितलेलं नाही.

मी कळप गोळा करून उकळायला ठेवते.
तीन नंबरच्या खाटेवर
दोन दिवसांची मुलगी आली आहे.