डावीकडून तिसरा

वर्षातून चार-पाच वेळा लागतो,
दुपारी दोनला, नाहीतर रात्री साडेअकराला,
चॅनेलवाल्यांकडं दुसरं काही नसलं की.
मी भाकरी अर्धी टाकून उठते, हात धुते,
खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ ओढते
की बापू ओरडले असते, डोळे जातील.

गोष्ट पाठ आहे.
धाकट्यावर चोरीचा आळ येणार, थोरला गप्प बसणार,
आईची दृष्टी जाणार आणि शेवटी
देवळातली घंटा वाजली की परत येणार.
पहिल्यांदा रडले होते.
आता तेवढ्या वेळात कुकर लावून येते.

मी थांबते ती जत्रेसाठी.
वाईची खरी जत्रा नव्हे.
भर मे महिन्यात, घाटावर,
कागदी फुलांच्या माळा सोडून
मुंबईच्या माणसांनी मांडलेली.
ठेवणीतले कपडे घालून या म्हणाले,
माणशी सात रुपये आणि पुरीभाजीचं पाकीट.
गंगापुरीतली निम्मी आळी गेली.
बापूंनी सायकलचं दुकान बंद ठेवलं,
फळीवर खडूनं लिहिलं,
आज शूटिंग आहे. पंक्चर उद्या.

दिवसभर उन्हात उभं केलं सगळ्यांना.
भोंग्यातून एकच बजावणं,
कॅमेऱ्याकडं कुणी बघायचं नाही.
जत्रेला आलाय, जत्रेकडं बघा.

नायिका पळत पायऱ्या उतरते,
पाळणा फिरतो, एक फुगा सुटतो,
आणि नारळवाल्याच्या मागं, वरच्या पायरीवर,
डावीकडून तिसरा,
पांढरी टोपी, गळ्यापर्यंत बटण लावलेला सदरा,
बापू.
बघतात.
सरळ कॅमेऱ्याकडं.

तीन सेकंद. मोजलेत मी.
चौथ्याला एक बैल मध्ये येतो.

घरात त्यांचा एकच फोटो, पासबुकासाठी काढलेला.
त्यात ते कुणाकडंच बघत नाहीत.
आवाज तर कुठंच नाही.
जत्रेतला कालवासुद्धा नंतर भरलेला,
दुसऱ्याच कुणा माणसांचा.

आम्हा पोरांना दोरीमागं बसवलं होतं,
कॅमेऱ्याला अगदी लागून.
मी हाक मारली होती का?
आठवत नाही.
अकरा वर्षांची होते, मारली असणार.

पोस्टातून रिटायर झाले तेव्हा मोठा टीव्ही घेतला.
त्यावर पहिल्यांदा लागला तर बापू जाड!
गाल भरलेले, खांदे रुंद.
जन्मभर जे अंगाला लागलं नाही
ते ह्या टीव्हीनं एका दुपारी लावलं.
मी एकटीच मोठ्यानं हसले.
मग बराच वेळ
पुढचं काही दिसलं नाही.

इम्तियाज केबलचे पैसे न्यायला आला,
रिमोट हातात घेऊन म्हणाला,
काकू, चित्र ताणलंय तुमचं.
कायतरी दाबलं. माणसं मापात आली.
मी चहा केला त्याला.

परवा रात्री लागला.
पायऱ्या, पाळणा, फुगा, नारळवाला,
आणि त्याच्या मागं एक सदरा.
बटण दिसलं.
बटणाच्या वर टीव्हीची काळी कड.

पावणेबाराला फोन केला पोराला.
झोपेतच म्हणाला, काय दिसत नाही, काकू?
म्हटलं, डोकं.
कुणाचं?
मी म्हटलं, सगळ्यांचंच.
पिवळं बटण दोनदा दाबा, म्हणाला.
दाबलं.
तोवर बैल आला होता.

आता पुन्हा कधी लावतील कोण जाणे.
चित्र मी ताणलेलंच ठेवलंय.
बातम्या सांगणारी, पावसाचा अंदाज देणारी,
सासूच्या नावानं बोटं मोडणारी,
सगळी माणसं जाड दिसतात.
दिसू देत.