उरलेले दिवस

पंचायतीच्या भिंतीवर रोज सकाळी
मी एक आकडा पुसतो, एक रंगवतो.
आकड्यामागे चाळीस रुपये.
वर कायमचं लिहिलंय: स्पर्धेला उरले दिवस.
एक्क्याण्णव. नव्वद. एकोणनव्वद.
पोदेर सायकलचा भोंगा दाबून थांबतो,
दोन उंडे माझ्या शिडीला अडकवतो, म्हणतो,
"नऊला तुझा रंग फार जातो रे,
आठावर ये लवकर."

मोरजीत पाट्या रंगवतोय त्याला बावीस वर्षं झाली.
रशियन अक्षरं मी काढतो, वाचत नाही.
उलटा आर. उलटा एन.
एक तर सरळ कोळीच, सहा पायांचा.
झिनाइदा कागदावर लिहून देते, मी भिंतीवर मोठं करतो.
ती बिटाचं सूप विकते, आणि नऊ वर्षं झाली तरी
सोलकढीला थंड सूपच म्हणते.

यंदा आमच्या वाळूवर जग येणार.
कुस्ती, व्हॉलीबॉल, होड्यांच्या शर्यती;
बारा देश की बावीस, सरपंच रोज वेगळं सांगतो.
म्हणून रस्ता झाला. मग पाइपासाठी तोच खणला.
म्हणून कुत्री धरून पलीकडे शिवोलीला सोडली,
त्यातली तीन पूल ओलांडून चालत परत आली.
माडांना गुडघाभर चुना.
बेर्नार्दच्या तावेर्नवर मीच लिहिलं 'हेरिटेज',
आत तीच फेणी, उधारीचा तोच खडू.

मग पत्रे आले.
वाळत घातलेली मासळी पाहुण्यांना दिसू नये म्हणून
पिएदादच्या वाळवणापुढे साडेसहा फुटांची रांग.
मला हुकूम: यावर समुद्र काढ.
समुद्राकडे पाठ करून मी समुद्र काढला.
निळा संपला तिथं हिरवा.
पत्र्यामागून पिएदादचा आवाज आला,
"आमची होडी काढलीस?"
"सांगितली नाही."
"होडी नाही तर कसला रे दर्या? घागरीतलं पाणी बरं."
संध्याकाळी एक काढली. बोटाएवढी,
खिळ्याच्या टोपीआड.
पत्र्यांना बांगड्याचा वास धरलाय.
तो कुठल्या रंगानं झाकायचा
ते टेंडरात नाही.

झिनाइदा म्हणाली, आमच्याकडेही झालं होतं हे.
तेही समुद्राकाठचं गाव, पण समुद्र गार.
आईच्या घरापुढे असाच पत्रा ठोकला,
बाहेरून त्यावर खिडक्या रंगवल्या,
खिडक्यांत कुंड्या, एकीत मांजर.
आतून नुसता गंज.
आई शाल घेऊन वळसा मारून बाहेर जायची,
उभी राहून बघायची,
आपल्या घरात हे कोण राहायला आलंय.
"मग स्पर्धा झाल्या?"
"झाल्या. छान झाल्या."
"आणि पत्रा?"
ती बीट किसत राहिली.

काल चौदा होते.
आज शिडी लावली, तर सेक्रेटरी खिडकीतून,
"थांब थांब, तारीख पुढं गेली.
एकशे बासष्ट घाल."
"का?"
"वरून आलंय."

चौदा पुसले.
इतके दिवस घासून घासून तिथला गिलावा गेलाय,
खालचा तांबडा चिरा दिसायला लागलाय.
तीन आकड्यांना जागा पुरेना;
दोन कलंडून 'दिवस'वर चढला.
पोदेर थांबला, वाचलं, ओठांत हिशेब केला,
सहा हजार चारशे ऐंशी,
म्हणाला, "नशीब काढलंस."
आणि आज उंडा एकच अडकवला.

पत्र्यामागे पिएदाद बांगडे उलटे करत होती,
तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.
परतलेल्यांपैकी एक कुत्रं शिडीखाली झोपलेलं,
त्याच्या शेपटीवर पिवळा थेंब पडला.
मी खडूनं
उद्याच्या एकशे एकसष्टाची खूण करून ठेवली,
बारीक,
पुसता येईल अशी.