तिसऱ्या पायरीवरची रेंज

जैतापूरच्या खाडीत आमच्या धक्क्याला अकरा पायऱ्या.
रेंज यायची फक्त तिसरीवर,
खालून तिसरी.

त्यामुळे आमचं इंटरनेट तिथीने चालायचं.
पुनवेच्या ओहोटीला पायरी ठणठणीत कोरडी,
बघा काय व्हिडिओ बघायचे ते.
अष्टमीच्या भांगाला पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही,
माणसं लुंग्या खोचून घोटाभर पाण्यात
ओटीपीची वाट बघत उभी.

मी वर तिकिटाच्या खिडकीत.
माणशी वीस, स्कूटर असेल तर पन्नास,
ऐकायचे पैसे नाहीत.

हलीमा सोलकर दोह्याला सांगायची,
“दोन निळ्या रेघा आल्या, म्हणजे वाचलंस.
वाचून गप्प बसलास, म्हणजे बापावर गेलास.”
गुणाजी आडिवरेकराने इंजिनाचा पंप मागवला,
आलं मिक्सरचं झाकण.
परत पाठवायची मुदत भरतीत गेली,
बायकोने झाकण ठेवून घेतलं.
आणि प्रांजल, बारावीची,
फॉर्मला फोटो हवा वीस केबीचा.
पाणी वाढत होतं,
फोटो काही बारीक होत नव्हता.

माझं मत विचाराल तर
(विचारत नाही कोणी, म्हणून देते)
नकाशातल्या बाईला सुकती कळत नाही.
पुण्याच्या एका गाडीला तिने खाडीच्या चिखलात घातलं
आणि वर सांगत राहिली, सरळ जा.
तेरा जणांनी गाडी ढकलली.
मालकाने चहा घेतला, नमस्कार केला,
आणि रात्री आमच्या धक्क्याला एक तारा दिला:
चिखल फार.

गेल्या माघात सड्यावर टॉवर झाला.
आता रेंज चुलीपाशी येते, गोठ्यात येते,
म्हशीलासुद्धा चार दांड्या.

मी गळा काढणार नाही.
हाशमच्या सुनेला कळा सुटल्या त्या रात्री
उधाणाची भरती होती.
तिसरी पायरी कुठे आहे ते पायाने चाचपत
तो छातीभर पाण्यात गेला,
फोन डोक्यावर धरून, स्पीकर लावून,
हॅलो, हॅलो.
होडी पलीकडून यायला दोन तास लागले.
सून वाचली.
टॉवर दोन वर्षं उशिरा आला,
त्याबद्दल माझं मत एवढंच.

तरी खरं सांगते,
हलीमा आता दार लावून बोलते
आणि पोराने शेवटी काय उत्तर दिलं
ते मला कळलेलं नाही.
कळायचं कारणही नाही. तिचं आहे ते.
दुपारची फेरी सुटली की
कान आपोआप पायऱ्यांकडे जातो,
तिथे खेकडे.

गुणाजीने ग्रुप काढलाय, नाव ‘पायरी’.
सत्तेचाळीस माणसं.
सकाळी दवाने भिजलेले गुलाब, जे आमच्याकडे उगवत नाहीत,
मग मधुमेहावर कारल्याचा रस,
मग कुठल्या तरी शहरातलं भांडण, आमच्यात वाटून घ्यायला.
हलीमा हसरं तोंड टाकते, पिवळं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारं.
मी तिला हसताना बघितलंय.
तिचा खालचा ओठ आधी आत दुमडतो,
मग ती पदराने नाक पुसते, मग हसते.
त्याचं चित्र कोणी काढलेलं नाही अजून.

हाशम काही लिहीत नाही.
भरतीच्या सुमाराला रोज एक फोटो टाकतो.
कधी ओली पायरी,
बहुतेकदा नुसतं पाणी.
खाली कोणी अंगठा देत नाही,
हात जोडत नाही, गुलाब तर नाहीच.
थोडा वेळ गुलाब थांबतात एवढं खरं.
संध्याकाळपर्यंत रेघा निळ्या होतात,
म्हणजे सगळ्यांनी बघितलं.

मी फोन उलटा ठेवते
आणि शेवटच्या फेरीची तिकिटं फाडते.
खिडकीतून मला ती पायरी
तशीही दिसते.