मूळ रंग

बातमी होळकुंदेने आणली:
नवं डिझेल इंजिन जुन्या रंगात
शनिवारी सकाळी वर्कशॉपातून बाहेर येतंय.

म्हणून पावणेसातला आम्ही पाच जण
परळच्या पुलाच्या त्या टोकाला,
जिथे जाळीला हातभर भोक आहे
आणि कुणाचं तरी कोपर कायम आपल्या बरगडीत.

नौशिर थर्मास घेऊन. क्लेमंट शिडी घेऊन.
(शिडीवर तो चढत नाही, फक्त आणतो.)
मृण्मयी, वय एकोणीस, जिनं आल्कोची धडधड
मामाच्या कॅसेटवरच ऐकलीय.
आणि मी, पोस्टातून निवृत्त,
घरी छप्पन्न वह्या, नुसत्या इंजिनांच्या नंबरांच्या.

सात बावीसला दार सरकलं.
आधी धूर. मग नाक. मग तो रंग.

टाळी कुणीच वाजवली नाही.

"हा विटकरी? अरे, हा तर टोमॅटो सॉस,"
नौशिरनं थर्मासचं झाकण घट्ट केलं,
जणू चहासुद्धा आता कुणाला मिळणार नाही.
क्लेमंटला पट्टा चार बोटं खाली वाटला.
होळकुंदे म्हणाला, पट्ट्यानं जायचं तरी कुठून?
जुनं इंजिन लांबोडकं, सरळ,
एकदा ब्रश टेकवला की नाकापासून शेपटीपर्यंत रेघ.
आता दर हातावर एक दार, एक झडप, एक जाळी.
"आजोबांचा कोट नातवाला घातलाय.
बाह्या लोंबतायत आणि खांद्यात दाटतोय."

"मला आवडलं," मृण्मयी म्हणाली.
चौघांनी तिच्याकडे असं पाहिलं
की तिनं कॅमेरा डोळ्यांसमोर धरला.

मी वही काढली. पुरावा होता माझ्याकडे.
त्र्याऐंशी साल, पुणे स्टेशन,
विजेचं इंजिन काढून डिझेल जोडत होते,
थोरलीला सासरी सोडायला आम्ही गुंटकलला निघालेलो.
ती खिडकीत रडत होती, आणि मी पुढे जाऊन
पायरीजवळचा एक पोपडा नखानं सोडवला.
तेव्हापासून तो सेलोटेपखाली आहे.
थोरली आता नाही.
मी एक डोळा मिटून तो जाळीतून इंजिनावर धरला.
जुळला नाही.
"बघा," मी म्हणालो. आवाज हवा त्यापेक्षा मोठा आला.

पायऱ्यांवर एक म्हातारा चहा पीत बसला होता.
गनी परकार, वर्कशॉपचा रंगारी, कधीच रिटायर झालेला,
पोरांना पट्टा ओढायला शिकव म्हणून परत बोलावलेला.
"कुठल्या लॉटचा?" त्यानं विचारलं.

म्हणजे?

"स्टोअरमधून येणारा दर डबा निराळा.
मार्चात पैसे संपले की लाल कमी, टर्पेंटाईन जास्त.
कधी उजवी बाजू एका डब्याची, डावी दुसऱ्या.
दोन्ही बाजू एकदम दिसतात कुणाला?
आणि महिनाभरात ब्रेकची भुकटी बसली
की सगळी इंजिनं एकाच जातीची."

नौशिर म्हणाला, पण मूळ शेड तर ठरलेली असेल ना, कागदावर?
"कागदावर होती," परकार म्हणाला. "कागद छान होता."

मग त्यानं माझ्या वहीतली सेलोटेप,
मी हो-नाही म्हणायच्या आत, उचकटली
आणि पोपडा उलटा केला.
मागे निळसर.
निळ्याच्या आत आणखी काहीतरी, बारीक कडेला,
ज्याला आम्हा पाचांत मिळून नाव नव्हतं.
"ही बाजू पाहिली होती?"

इंजिनानं भोंगा दिला.
क्लेमंट, देव जाणे का, शिडीवर चढला.
होळकुंदे अजून पट्ट्याबद्दल बोलत होता,
मृण्मयी पुलाच्या दुसऱ्या कठड्याकडे पळाली,
आणि लाल ढग दादरच्या दिशेनं सरकत गेला,
सकाळच्या उन्हात जरा विटकरी,
सिग्नलपाशी सावलीत पुन्हा सॉस.

सत्तावन्नाव्या वहीचं पहिलं पान.
नंबर लिहिला. वेळ लिहिली.
रंगाच्या रकान्यात थोडा वेळ पेन नुसतं धरून ठेवलं,
मग लिहिलं: टोमॅटो.
त्याखाली, बारीक अक्षरात:
फक्त डावी बाजू.